नाव घेणारं माणूस

रविवारी 'जामे जमशेद' हातात आला की पारशी घरातली म्हातारी माणसं आधी मृत्यूच्या जाहिराती वाचतात आणि त्यात आपलं नाव नसलं तर चहा मागवतात, हा विनोद मुंबईच्या पारशांनी स्वतःवरच केलेला आहे. तो वर्षानुवर्षं सांगितला जातो आणि दर वेळी सांगणाराच आधी हसतो. हे पत्र १८३२ साली निघालं. तेव्हा ते गुजरातीत होतं, आता इंग्रजी-गुजराती मिळून आठवड्याला निघतं. बातम्यांसाठी ते कोण घेतं कोण जाणे. कोण गेलं, उठमणा कधी, कुठल्या बंगलीत, हे मात्र तिथंच कळतं.

या जाहिरातींची एक ठरलेली घडण असते. गेलेल्या बाईचं नाव, मग 'अमक्याची विधवा', मग कुणाकुणाची आई, सासू, आजी, बहीण, नणंद, मावशी. त्यातल्या निम्म्या नावांना आधीच 'मरहूम' लागलेलं. शेवटी वय, राहण्याची बाग, पायदस्तची, म्हणजे अंत्ययात्रेची, वेळ आणि तिसऱ्या दिवशीच्या दुपारचा उठमणा, म्हणजे प्रार्थनासभा. विशेषणं नाहीत, 'प्रेमळ' नाही, 'हसतमुख' नाही. आपल्याकडच्या निधनवार्तेत माणूस मेल्याबरोबर 'मनमिळाऊ' होतो, तसं इथं होत नाही. माणूस म्हणजे त्याची नाती, एवढाच हिशेब. हा हिशेब गेल्या दोन पिढ्यांत आखूड होत गेला आहे. जुन्या जाहिरातींत नात्यांच्या तीन-चार ओळी असत. आता पुष्कळदा 'अमक्याची बहीण' एवढंच उरतं आणि ती बहीणही मेलबर्नला किंवा टोरांटोला असते. लग्न न केलेल्यांची संख्या या समाजात मोठी, आणि लग्न केलेल्यांनाही मूल एखादंच. जाहिरातीत लिहायला माणसं आणायची कुठून?

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, तरी एकदा सांगतो. अखंड हिंदुस्थानात १९४१ च्या शिरगणतीत पारशी एक लाखाच्या वर होते. २००१ साली भारतात ६९,६०१ आणि २०११ साली ५७,२६४. त्यातले बहुसंख्य मुंबईत. साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण २००१ मध्येच तिसेक टक्के होतं. मुंबईत दर वर्षी पारशी जन्मांच्या कित्येक पट पारशी मृत्यू होतात. २०१३ साली केंद्र सरकारने 'जियो पारसी' नावाची योजना काढली, तिच्या जाहिरातींनी अविवाहितांना टोमणे मारले आणि त्यावरूनही समाजात दोन तट पडले. दोन तट पडल्याशिवाय या समाजात काहीच होत नाही.

पण या आकड्यांनी एक अन्याय केला आहे, आणि या लेखाचं कारण तोच आहे. एखादा पारशी गेला की त्याच्यावरचा मृत्युलेख दुसऱ्या परिच्छेदातच समाजावरचा मृत्युलेख होतो. 'एक-एक करून हे लोक चालले', 'एक युग संपलं', 'आता राहिले किती'. आम्ही मराठी पत्रकार यात सगळ्यांत पुढे. गेलेल्या माणसाला स्वतःचं मरणसुद्धा पुरतं मिळत नाही, तो शिरगणतीतली एक वजाबाकी होऊन जातो. कुणाही बामणाच्या, मराठ्याच्या, आगऱ्याच्या मृत्यूवर लिहिताना आपण त्याच्या जातीची लोकसंख्या सांगत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत गेलेल्या काही पारशांविषयी, ती माणसं होती म्हणून, लिहायचं ठरवलं. समाज त्यात आपसूक येईलच.

आधी त्यांच्या निरोपाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे, कारण आठवण ठेवण्याचं सगळं यंत्र तिथंच बसवलेलं आहे.

मलबार हिलवरची डुंगरवाडी हे मुंबईतलं कदाचित सगळ्यांत घनदाट झाडीचं खासगी आवार असेल. पन्नास एकरांहून जास्त जागा, मोर, उंच झाडं, चढत जाणारी वाट आणि अधूनमधून त्या 'बंगल्या', म्हणजे पार्थिव ठेवून प्रार्थना करायच्या बैठ्या इमारती. एका मित्राच्या आईच्या पायदस्तला मी तिथं गेलो होतो. परक्यांना चेहरा पाहता येतो तो प्रार्थना सुरू होण्याआधी. मग आम्ही सगळे परधर्मीय बाजूच्या बाकांवर बसलो. आत दोन दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, गेह सारनाच्या प्रार्थना म्हणत होते, मध्येच कुत्र्याला आणून मृताकडे पाहू दिलं गेलं. त्याला सगदीद म्हणतात. मग नस्सेसालारांनी, म्हणजे मृताला वाहून नेणाऱ्यांनी, लोखंडी खाट उचलली आणि पांढऱ्या कपड्यांतले पारशी दोघादोघांच्या जोड्यांनी, मधे एक पांढरा रुमाल धरून, मागे चालू लागले. बाकावर माझ्या शेजारी त्या बाईंकडे तीस वर्षं काम केलेल्या, राजापूरकडच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी त्या बाईंना शेवटच्या दोन वर्षांत रोज आंघोळ घातली होती. त्यांनाही तिथंच थांबावं लागलं. नियम नियम आहे, त्यावर मी काही बोलत नाही. मावशींनी मात्र बसल्या जागेवरून हात जोडले आणि मग पदराने तोंड पुसून मला विचारलं, "आता यांचं वर्षश्राद्ध कोण करणार हो?"

मावशींचा प्रश्न नेमका होता. पारशी रीतीत मेलेल्यासाठी करायचं मुख्य काम म्हणजे त्याचं नाव घेणं. चौथ्या दिवसाच्या पहाटे, चारूमला, आत्मा चिनवद पुलावर पोचतो अशी श्रद्धा. त्यानंतर दहावा दिवस, महिना, सहा महिने, वर्ष. दर वेळी दस्तूर प्रार्थनेत मृताचं नाव 'अनोशेह रवान' म्हणून घेतात, नावापुढे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव जोडतात. जिवंताचं नाव आलं तर 'जिंदेह रवान'. वर्षाची तिथीही इंग्रजी तारखेने धरत नाहीत, रोज आणि माह यांनी धरतात. पारशी महिन्याच्या तीसही दिवसांना स्वतंत्र नावं आहेत. शहेनशाही पंचांगात लीप वर्ष नाही, त्यामुळे तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. परदेशातल्या नातवाला आजीची तारीख पाठ असते, रोज माहीत नसतो, आणि मग मुंबईतल्या अग्यारीत फोन येतात.

शिवाय वर्षाअखेरचे दहा दिवस मुक्ताद. आपल्या पितृपंधरवड्याचा हा पारशी भाऊबंद, फक्त तो ऑगस्टच्या पावसात येतो आणि त्यात कावळ्यांना काम नसतं. अग्यारीत संगमरवरी टेबलांवर चांदीच्या फुलदाण्या मांडतात, एकेक फुलदाणी एकेका मृताच्या नावाची. निशिगंध, गुलाब, रोज ताजं पाणी, आणि दस्तूर ओळीने नावं घेत जातात. घराण्याची नावांची यादी वहीत उतरवलेली असते आणि ती आजोबांच्या आजोबांपर्यंत जाते. कित्येक घरांत आता यादीतली नावं पन्नास-साठ आणि ऐकायला बसलेली माणसं दोन.

निपुत्रिकाचं काय, याचा विचार या समाजाने फार पूर्वी करून ठेवला आहे. मूल नसलेला माणूस गेला तर उठमण्याच्या वेळी 'पालक' जाहीर करण्याची प्रथा आहे. पुतण्या, भाचा, कधी शेजाऱ्याचा मुलगाही. त्याला इस्टेटीत हक्क मिळत नाही. त्याने करायचं ते एवढंच की वर्षानुवर्षं या माणसाच्या नावाने प्रार्थना करवून घ्यायच्या. म्हणजे मेल्यानंतर दत्तक. उठमण्यालाच मृताच्या स्मरणार्थ दान जाहीर करण्याचीही रीत. नाव टिकवायचे दोन मार्ग त्या एका दुपारी आखून दिले जातात, एक माणसाचा आणि एक पैशाचा. मुंबईत जी पारशी नावं दगडात कोरलेली दिसतात त्यातली बरीचशी या दुसऱ्या मार्गाने आलेली आहेत.

आता माणसं.

बॅलार्ड इस्टेटमधल्या 'ब्रिटानिया अँड कंपनी'चे बोमन कोहिनूर सप्टेंबर २०१९ मध्ये गेले, ९७ वर्षांचे होऊन. हे इराणी झरथुष्ट्री. हॉटेल त्यांच्या वडिलांनी १९२३ साली काढलं. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध. तो त्यांच्या पत्नी बचन यांनी इराणहून आणलेल्या पाककृतीतून आला आणि त्यातल्या आंबट लाल बेरी इराणहूनच येतात. गर्दीच्या वेळी हे गृहस्थ टेबलाटेबलावर फिरून स्वतः ऑर्डर घेत. 'फ्रेश लाइम सोडा' घ्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं नसे, ते ठरवत. इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र प्लॅस्टिकमध्ये मढवून खिशात तयार. परदेशी पाहुणा दिसला की ते पत्र बाहेर येई, आणि तो ब्रिटिश निघाला तर राणीला निरोप सांगण्याचं काम त्याच्या गळ्यात पडे. २०१६ साली राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांना भेटण्याची इच्छा पुरी झाली. या राणीभक्तीवर माझ्यासारखे लोक मनातल्या मनात नाक मुरडत. पण कचेऱ्यांच्या त्या भागात दुपारी दोन वाजता जेवायला आलेल्या कारकुनाला आणि बॅरिस्टरला एकाच थाटात 'हे खा' असं बजावणारं दुसरं कुणी नव्हतं. ते गेल्यावर हॉटेल चालू आहे. पुलावही तसाच. ऑर्डर मात्र आता गिऱ्हाईक देतं.

गीव्ह पटेल ३ नोव्हेंबर २०२३ रोजी पुण्यात गेले. कवी, नाटककार, चित्रकार आणि डॉक्टर. या चारांपैकी शेवटची ओळख आधी सांगायला हवी, कारण पोट त्यावर चाललं. जन्म १९४० चा, मुंबईतला. शिक्षण सेंट झेवियर्स आणि मग जे. जे. रुग्णालयाशी जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पहिली नोकरी सरकारी, दक्षिण गुजरातेत संजाणला. पारशांचे पूर्वज इराणहून येऊन पहिल्यांदा स्थिरावले ते हेच संजाण, असं 'किस्सा-ए-संजाण' सांगतो. गावच्या त्या कथेचं ओझं न घेता हा तरुण डॉक्टर तिथं वारल्यांची, आदिवासींची नाडी पाहत होता. घराणं शेजारच्या नारगोळचं, जमीनदारी असलेलं. जमिनीचा मालक आणि तिच्यावर राबणारा यांच्यातलं अंतर त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं आणि त्याची टोचणी त्यांच्या कवितेत अखेरपर्यंत राहिली. नंतर अनेक वर्षं मुंबई सेंट्रलजवळ दवाखाना. सकाळ-संध्याकाळ खोकला-ताप, दुपारी कॅनव्हास. २००५ च्या सुमारास दवाखाना बंद केला.

त्यांचा पहिला संग्रह १९६६ साली निसीम इझिकेल यांनी काढला. दुसऱ्या संग्रहाच्या नावातच शरीराला प्रश्न विचारला आहे की तू हे सगळं सोसतोस कसं. शवविच्छेदनाच्या टेबलावर शिकलेला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा तो अलंकार नसतो. झाडाच्या हत्येवरची त्यांची कविता सीबीएसईच्या नववीच्या पुस्तकात होती. देशभरातल्या पोरांनी ती पाठ केली, तिच्यावर पाच गुणांची उत्तरं लिहिली आणि कवी जिवंत आहे, मुंबईत लोकांना गोळ्या लिहून देतो आहे, हे बहुतेकांना कळलंही नाही. चित्रांमध्ये लॅमिंग्टन रोडचा भाग आहे, कावळे आहेत, चिरडलेली शरीरं आहेत. आणि विहिरी आहेत. विहिरीत डोकावून पाहण्याची चित्रमालिका त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. काठावर ओणवं होऊन खाली पाहणाऱ्याला जे दिसेल ते, म्हणजे झाडपाला, आभाळाचा तुकडा, पाण्यावरचा उजेड. पाहणाऱ्याचा चेहरा त्यांत सापडत नाही. मला हे चित्रकाराचं मोठेपण वाटतं. विहिरीत वाकून स्वतःला न पाहणं सोपं नाही.

'प्रिन्सेस', 'सावक्सा', 'मिस्टर बेहराम' ही त्यांची तिन्ही नाटकं दक्षिण गुजरातेतल्या पारशांची आहेत आणि त्यांत विनोदी पारशी नाही. हे मुद्दाम सांगतो. मराठी आणि हिंदी रंगभूमीने, सिनेमाने पारशी म्हटला की 'डिकरा' म्हणणारा, जुनी मोटार पुसणारा बावाजी ठरवून टाकला आहे. पुलंच्या पेस्तनकाकांवर आपण प्रेम करतो आणि ते योग्यच आहे, पण पुलंच्या हाताला जी माया होती ती नंतरच्या नकलाकारांच्या हाताला नव्हती. गीव्ह पटेलांचे पारशी जमिनीसाठी, मुलासाठी, अधिकारासाठी भांडतात, एकमेकांना आतून पोखरतात. १७ व्या शतकातल्या अखो या गुजराती कवीचे त्यांनी इंग्रजीत अनुवाद केले. ऋषी व्हॅलीच्या शाळेत जाऊन मुलांना कविता शिकवली आणि त्या मुलांच्या कवितांचं पुस्तक २००७ साली संपादित केलं. ज्या शाळकरी पोरांनी त्यांची कविता गुणांसाठी पाठ केली, त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या पोरांना ते कविता लिहायला बसवत होते.

त्यांच्यानंतर वर्षभरात, २६ सप्टेंबर २०२४ ला, दिल्लीत केकी दारूवाला गेले. जन्म १९३७, लाहोर. १९५८ साली पोलीस सेवेत, उत्तर प्रदेश केडर, पुढे गुप्तचर खातं. दंगली, संचारबंदी, पूर आणि प्रेतं या माणसाने कामावर असताना पाहिली आणि ती कवितेत आणली. 'द कीपर ऑफ द डेड' या संग्रहाला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१५ साली लेखकांच्या हत्यांवर अकादमी गप्प राहिली म्हणून त्यांनी तो परत केला. पोलीस अधिकाऱ्याने पुरस्कार परत करायचा, हे त्यांच्या बॅचच्या किती जणांना रुचलं असेल याची कल्पना करता येते. ते पारशी कवी म्हणून ओळखले जात नसत आणि त्यांना त्याचं दुःख असल्याचं त्यांच्या लिखाणात तरी कुठं दिसत नाही.

फली नरिमन फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, ९५ वर्षांचे. जन्म रंगूनचा. १९४२ साली जपानी आले तेव्हा कुटुंबाबरोबर ब्रह्मदेशातून पायपीट करत भारतात आलेला हा मुलगा मुंबईत वकील झाला. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागताच अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपदाचा राजीनामा देणारे ते एकटेच. हे सगळ्या मृत्युलेखांत आलं. भोपाळच्या खटल्यात ते युनियन कार्बाइडकडून उभे राहिले होते हे काही लेखांत शेवटी, कोपऱ्यात आलं. स्वतः नरिमन यांनी मात्र ते लपवलं नाही. आज पुन्हा तो खटला समोर आला तर घेणार नाही, असं त्यांनी पुढे उघड सांगितलं. मला त्यांच्या राजीनाम्याइतकंच हेही मोठं वाटतं. पहिल्या गोष्टीसाठी धैर्य लागलं आणि टाळ्या मिळाल्या. दुसरीत टाळ्या नव्हत्या.

आणि बाप्सी सिधवा, २५ डिसेंबर २०२४, ह्यूस्टन. कराचीत जन्म, लाहोरात वाढ, लहानपणी पोलिओ, त्यामुळे शाळा नाही, घरीच पुस्तकं. फाळणीच्या वेळी नऊ वर्षांची पोर. ती पोर 'आइस-कँडी-मॅन'मध्ये लंगडत लंगडत लाहोर जळताना पाहते. दीपा मेहतांचा 'अर्थ' हा सिनेमा त्यावरच आहे. त्यांची पहिली कादंबरी 'द क्रो ईटर्स' १९७८ साली आली. खूप बोलणाऱ्या पारशांना 'कागडा खाऊ' म्हणतात, त्यावरून हे नाव. सासूला जाळून विम्याचे पैसे घेऊ पाहणारा पारशी नायक लाहोरच्या पारशांना झोंबला. आमची लाज वेशीवर टांगली म्हणून ते रागावले. इतक्या लहान समाजात लेखक असणं म्हणजे रोज ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्यावरच लिहिणं, हे मला त्यांच्या पुस्तकांच्या वादावरून पहिल्यांदा समजलं.

या यादीत लाहोर दोनदा आलं, रंगून आलं, संजाण, पुणे, ह्यूस्टन आलं. मुंबई सोडल्यावर पारशी उरत नाहीत ही आपली मुंबईकरांची समजूत.

निरोपाच्या रीतीवरच आता मोठं भांडण आहे, आणि ते टाळून या मृतांविषयी लिहिता येणार नाही. दख्म्यातली, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवण्याच्या बुरुजातली, पद्धत गिधाडांवर अवलंबून होती. नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे पाकिस्तानातल्या संशोधनातून पुढे आलं आणि भारताने २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं शंभरातली एकही उरली नव्हती म्हणायला हरकत नाही. गुरांच्या सांध्यांसाठीच्या एका स्वस्त औषधाने हजारएक वर्षांची रीत मोडली. डुंगरवाडीवर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवली गेली. पावसाळ्यात ती निरुपयोगी ठरतात, आणि मुंबईत पावसाळा चार महिन्यांचा. अनेकांनी मग मृत्युपत्रात दहन लिहून ठेवायला सुरुवात केली. दहन झालेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या दोन धर्मगुरूंना पारशी पंचायतीने डुंगरवाडीवर मनाई केली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ पासून वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह आहे आणि तिथं चार दिवसांचे पारशी विधी होतात. कोविडने गेलेल्यांना तर दख्म्यावर नेण्यास बंदीच आली. सुरतच्या पंचायतीने दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तडजोड झाली, तोवर साथ ओसरत आली होती. त्या साथीत जे गेले ते धर्मनिष्ठ असले तरी बहुतेक विद्युतदाहिनीत गेले.

बाहेर लग्न केलेल्या मुलीला आईबापांच्या अंत्यविधीत येता येईल की नाही, यावरही वलसाडच्या एका पारशी स्त्रीला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या अंजुमनने तिला येऊ देण्याचं मान्य केलं. बाहेर लग्न करणारे जवळपास निम्मे झालेले असताना, नाव घेणारी माणसं कमी पडत असताना, नाव घ्यायला आलेल्या मुलीला दारात अडवायचं, हे मला कळत नाही. धर्मशास्त्राचा मला अधिकार नाही. व्यवहाराचा आहे.

या सगळ्यात ज्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही ते नस्सेसालार आणि खांधिया. मृताला अंघोळ घालणारे, खांद्यावर नेणारे. त्यांच्याविना एकही विधी होत नाही आणि त्यांना हात लावायला मात्र समाज कचरत असे. १९४२ साली त्यांनी मुंबईत संप केला होता. सायरस मिस्त्री या कादंबरीकाराने त्यांच्यावर 'क्रॉनिकल ऑफ अ कॉर्प्स बेअरर' लिहिली, तिला २०१४ चा डीएससी पुरस्कार मिळाला. सायरस मिस्त्री हेच नाव असलेले उद्योगपती ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून गेले. त्यांचं दहन वरळीला झालं.

रतन टाटांचंही. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ते गेले आणि दुसऱ्या दिवशी एनसीपीएमध्ये रांग लागली. त्या दिवशी राज्यात दुखवटा होता. 'गोवा' नावाच्या त्यांच्या कुत्र्याला अखेरच्या दर्शनाला आणलं, त्याची छायाचित्रं देशभर फिरली. सगळ्यांनी मुक्या प्राण्याच्या प्रेमावर लिहिलं. मृताकडे कुत्र्याने पाहणं हा पारशी निरोपाचा जुना भाग आहे, हे कुणाच्या लेखात आल्याचं मला आठवत नाही. तिथं तो विधी म्हणून आणला होता असं मी म्हणत नाही. पण डुंगरवाडीच्या बाकावर बसलेल्या माणसाला ते चित्र वेगळं दिसतं.

त्यांच्या नावाची गोष्टही अशीच मागे जाते. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी जे. एन. पेटिट पारशी अनाथाश्रमातल्या नवल नावाच्या मुलाला दत्तक घेतलं. नवलना पुढे मुलगा झाला, त्याचं नाव रतन. म्हणजे १९१८ ला गेलेल्या माणसाचं नाव घेणारं माणूस आणि ते नावच धारण करणारा नातू, दोन्ही एका अनाथाश्रमाच्या दारातून आले. या दुसऱ्या रतन यांनी लग्न केलं नाही. पहिल्याच्या इस्टेटीतून १९१९ साली निघालेल्या ट्रस्टचं अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं.

गेल्या वर्षी या समाजाची एक वहीही बंद झाली. 'पारसियाना' हे नियतकालिक १९६४ साली डॉ. पेस्तनजी वॉर्डन यांनी काढलं, १९७३ साली जहांगीर पटेल यांनी ते एका रुपयाला घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा अंक काढून थांबवलं. चालवायला पुढची माणसं नाहीत, हे कारण. हे पाक्षिक १९८७ पासून आंतरधर्मीय लग्नांच्याही नोंदी छापू लागलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. पटेल बधले नाहीत. लग्न झालं आहे तर छापायचं, ही त्यांची भूमिका. जन्म, लग्न, मृत्यू या तिन्ही नोंदींत कुणाला गाळायचं नाही असं ठरवणारा संपादक इतक्या छोट्या, इतक्या भांडखोर समाजात पन्नास वर्षं टिकला, हीच त्याची कामगिरी. आता ज्यांना पुरोहितांनी किंवा पंचायतीने बाजूला ठेवलं त्यांच्या नोंदी कुठं होणार, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. इंटरनेटवर होतील म्हणतात. होतीलही.

डुंगरवाडीच्या बाकावर त्या मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर कळलं. त्या बाईंचा मुलगा, माझा मित्र, परदेशी परतला. त्याने अग्यारीत आगाऊ पैसे भरले, दस्तूरजी तिथीला नाव घेतात. आणि मावशी? त्या परळला राहतात, त्यांच्या दोन्ही मुली वाडिया हॉस्पिटलात झाल्या. नवरोसजी वाडियांच्या नावाचं प्रसूतिगृह १९२६ चं, बाई जेरबाई वाडियांच्या नावाचं मुलांचं रुग्णालय १९२९ चं. गिरणगावातल्या बायका 'वाडियाला झाली', 'वाडियाला दाखवून आले' असंच बोलतात. सीएसटीजवळच्या कामा हॉस्पिटलचं तेच, भायखळ्याच्या जे. जे.चं तेच. मावशींना मी जेरबाई कोण ते सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, थोरलीला तिथं काविळीतून वाचवली होती, डॉक्टर सातारचा होता.